शाई कोण पितं

१३ जानेवारी २००७, शनिवार

मशीन आलं. मंजिरीच्या कंपनीतून, खोक्यासकट. प्रिंटरसोबत द्यायचं मराठी मदतपुस्तक तिची टीम करतेय. भाषांतर करणाऱ्यांपैकी कुणीतरी मशीन घरी वापरून पाहावं, अशी निखिलची कल्पना. निखिल म्हणजे तिचा टीम लीड. हिंजवडीहून इथे नांद्यापर्यंत स्वतःच्या गाडीतून घेऊन आला म्हणे. जिना चढताना खोक्याची एक बाजू त्याच्याकडे, एक हिच्याकडे. मी पौडहून, कॉलेजात शिकवून परतलो तेव्हा मशीन टेबलावर बसलेलं. माझ्या टेबलावर.

"आता तुझी कादंबरी घरीच छापता येईल," मं. म्हणाली.

छापण्यासारखी एकेचाळीस पानं आहेत. दिवाळीतही एकेचाळीसच होती.

१६ जाने., मंगळ

चार कार्ट्रिज. काळं, निळं, गुलाबी, पिवळं. कार्ट्रिजला 'कुपी' हा शब्द मं.ने काढला. अत्तराची असते तशी. मी दोन दिवस शाईकोश, शाईपेटी असलं काहीबाही सुचवत होतो. तिने भाकरी थापताना सहज म्हटलं, कुपी.

मराठी घेऊन एम.ए. दोघांनीही केलं. एकाच वर्गात. मी पहिला आलो होतो.

१८ जाने.

कंपनीने 'कुपी' नाकारली. लोकांना 'कार्ट्रिज' कळतं, तेच ठेवा म्हणाले. ती हिरमुसली. मी म्हटलं, जाऊ दे. आतून बरं वाटलं. घरात मात्र दोघंही कुपीच म्हणतो.

१९ जाने., शुक्र

रानवडे मावशींचा टीव्ही जळला. खाली मावशी, वर आम्ही भाडेकरू. दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आली ती जोरातच आली. मावशी अंगणात उभ्या राहून सगळ्या आळीला सांगत होत्या.

"सर, धूर! टीव्हीतनं धूर! आवो, भायेर जाताना बोर्डावरची समदी बटनं बंद ठिवत जा. लाईट जातीया त्याचं काय न्हाई, येतीया ती वंगाळ."

उद्यापासून नियम. सकाळी निघताना बोर्डावरची सगळी बटणं बंद. संध्याकाळी आल्यावर, लाईट स्थिर झाली की चालू. हे काम माझ्याकडे. मं.ला असल्या गोष्टींची शिस्त नाही.

२२ जाने.

संध्याकाळी बटण लावलं की मशीन जागं होतं. गुरगुरतं. डोकं इकडून तिकडे घासतं. मिनिटभर काहीतरी गिळल्यासारखा आवाज. मग गप्प. पाळलेलं जनावर मालकाला ओळखतं तसं.

२७ जाने., शनि

मं.ने मदतपुस्तकाचा मसुदा तपासायला दिला. "तू बघ एकदा. तुझी नजर पडली की मला धीर येतो." लाल पेन घेऊन बसलो.

फार करण्यासारखं नव्हतं. दोन स्वल्पविराम काढले. एके ठिकाणी 'करू नये'चं 'करू नका' केलं. वापरणाऱ्याशी बोलायचं तर थेट बोलावं.

एक वाक्य असं: शाई संपत आली आहे. संपलेली नाही.

पुढे मजकूर आहे की, मशीनचा इशारा हा अंदाज असतो, आणखी पानं निघतात, छपाई फिकी पडेपर्यंत वा मधे पांढऱ्या रेघा येईपर्यंत कुपी बदलण्याची घाई नको. ते असू दे. ते वाक्य. सहा शब्द. एकही काढता येत नाही. पेन वर धरून बसलो, बराच वेळ. काही सापडलं नाही. तेव्हा शेजारी बरोबरची खूण केली. तिने ती खूण पाहिली आणि लाजली.

एकेचाळीस पानांत माझं असं एक वाक्य आहे का, शोधलं. नाही.

३ फेब्रु., शनि

आज कॉम्प्युटरवर शाईची पातळी पाहिली. पडद्यावर चार उभ्या पट्ट्या दिसतात, थर्मामीटरसारख्या. काळी निम्म्याच्या खाली.

मी आतापर्यंत एकेचाळीस पानं एकदा छापली. फाडली. बाकी काही नाही.

मग?

४ फेब्रु.

मं.ला शनिवारी सुट्टी असते. मला नसते. शनिवारी ती घरी एकटी. आणि मशीन.

विचारलं नाही. विचारण्यासारखं काय आहे.

८ फेब्रु., गुरु

काळी आणखी खाली. कागदाचा गठ्ठा पाहिला. जवळपास होता तेवढाच. म्हणजे कागद ती ऑफिसातून आणते. एवढी काळजी घेतेय.

एम.ए.ला असताना ती गोष्टी लिहायची. चांगल्या असायच्या, पसरट. लग्नानंतर बंद झालं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

१० फेब्रु., शनि

लिहायला बसलो. ती लिहीत असेल तर मीही. पान बेचाळीस, त्रेचाळीस. एका बैठकीत. असं बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं.

११ फेब्रु.

गुलाबीसुद्धा खाली गेलीय. निळी, पिवळी पण. पण गुलाबी!

मी आयुष्यात रंगीत काही छापलेलं नाही. कादंबरीला गुलाबी कुठे लागते? एकाच ठिकाणी. मुखपृष्ठाला.

म्हणजे मजकूर पुरा झाला.

१५ फेब्रु., गुरु

निखिल आला. मशीन कसं चालतंय ते बघायला. वय तिशीच्या आतलं, नागपूरकडचा. चपला बाहेर नीट जोडीने काढून ठेवतो. मं.ने पोहे केले. माझ्यासाठी एरवी उपमा होतो.

"सर, मंजिरीचं मराठी इतकं क्लीन आहे ना! आमचा क्लायंट म्हणतो, हे भाषांतर वाटतच नाही. मी तर तिला म्हणतो, तू स्वतःचं काहीतरी लिही."

"मग?" मी विचारलं. मं.कडे पाहत.

"मग काय, हसते," निखिल म्हणाला.

ती हसलीच. पोह्यांवर लिंबू पिळत.

"तुम्हीपण लिहिता ना सर? कुठे वाचायला मिळेल?"

"अजून नाही," म्हटलं. मं.ने मला आणखी पोहे वाढले. न विचारता. दयेचे पोहे.

१६ फेब्रु.

पान चव्वेचाळीस ते सत्तेचाळीस. दात ओठ खाऊन.

२४ फेब्रु., शनि

बारावीची तयारी, वर्ग लवकर सुटले. मावशी अंगणात गहू निवडत होत्या. सहज विचारल्यासारखं केलं, शनिवारी ही दिवसभर करते काय?

"काय करत्यात! केस धुत्यात, गच्चीवर वाळवत बसत्यात. माझ्यासंगं पापड लाटत्यात. का वो?"

"नाही, सहज."

"सर, तुमाला संशय हाय व्हय?" हात गव्हातच. "आवो, एवढी गुणाची बाई. मला ताईंनी मोबाईल शिकवला. तुमी दोन वर्सं झाली वर ऱ्हाताय, तुमी काय शिकवलं?"

मावशींना काय माहीत, दार लावून माणूस काय काय करतं.

२५ फेब्रु.

कपाट पाहिलं. गादीखाली. तिच्या साड्यांच्या घडीत. पिठाच्या डब्यामागे. काही नाही. छापलेलं एक पानही नाही. म्हणजे घरात ठेवतच नाही. सगळं हिंजवडीला जातं. तिथे कोण वाचतं ते उघड आहे.

हात पिठाने पांढरे झाले होते. तिने विचारलं, "भजी करतोयस का?"

३ मार्च, शनि. होळी

मशीनने इशारा दिला. पडद्यावर इंग्रजीत. मला तिचंच वाक्य ऐकू आलं. संपत आली आहे. संपलेली नाही.

चौकात होळी पेटली. मं. मावशींबरोबर नैवेद्य घेऊन गेली. मी पान त्रेपन्न.

एक गोष्ट मान्य करावी लागते. गेल्या तीन आठवड्यांत जे लिहिलं ते आधीच्यापेक्षा चांगलं आहे.

८ मार्च, गुरु

घोटावडे फाट्यावर कॉम्प्युटरचं दुकान. काळं कार्ट्रिज मागितलं. या मॉडेलचं नाही, पुण्याहून मागवावं लागेल. महिनाभर धरा, म्हणाला.

"पण सर, जानेवारीत मशीन आलं म्हणता, आणि शाई संपली? छापता तरी काय? लग्नपत्रिका काढता का घरी?"

"माझी बायको लिहिते," मी म्हटलं.

तोंडून गेलं. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "अरे वा! पुस्तक कधी?"

परतताना वाटभर 'पुस्तक' हाच शब्द घोळवत आलो.

११ मार्च, रवि

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी मं. लसूण सोलत होती. मी म्हटलं, "रंगीत काय छापलंस?"

"कधी?"

"गुलाबी निम्मी गेलीय."

"बरं."

"बरं काय? कथा आहे की कादंबरी, एवढंच सांग. आणि निखिलने वाचली का, तेही."

तिचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग मशीनकडे.

"अरे, ते मशीन रोज बंद कोण करतं?"

"मी."

"कुठून?"

"बोर्डावरून. मावशींचा टीव्ही जळला तेव्हापासून..."

ती उठली. लसणीच्या हातांनीच माझ्या टेबलाच्या खणातून मसुदा काढला. मी तपासलेला. "वाच. मोठ्यांदा."

वाचलं. मशीन भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. मशीनवरचे बटण दाबा, म्हणजे हेड कोपऱ्यात जाऊन झाकले जाईल. उघड्या राहिलेल्या हेडची छिद्रे केसाहून बारीक असल्यामुळे त्यांत शाई सुकते. मशीन पुन्हा सुरू होताना ती धुऊन काढते. या धुण्यासाठी चारही कार्ट्रिजमधील शाई वापरली जाते. ती कागदावर न येता तळाच्या पॅडमध्ये जिरते.

"यातलं 'नका' तुझं आहे," ती म्हणाली. "लाल शाईत."

मी मसुदा खाली ठेवला.

"सकाळी खटका बंद, संध्याकाळी खटका चालू. मधे लाईट गेली, आली, की परत. दर वेळी ते बिचारं तोंड धुतं. गुलाबी तू प्यायलास. रोज."

हे मी तपासलं होतं. प्रत्येक शब्द. 'नये' खुपलं होतं मला. बाकी काय लिहिलंय ते...

मला वाटलं आता रडेल, नाही तर खालच्या पट्टीत भांडेल. ती खाली बसली आणि म्हणाली, "तुला खरंच वाटलं मी लिहितेय?"

"हो."

"किती?"

"दीडशे पानं. साधारण."

"कशाबद्दल?"

मी मुखपृष्ठापर्यंत गेलो होतो. निखिलपर्यंत गेलो होतो. आत काय असेल, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"एक ओळ लिहिली नाहीये मी," ती म्हणाली. "लग्नानंतर एक गोष्ट तुला दाखवली होती. अकरा पानांची. तू दोन केलीस."

"ती दोन चांगली होती."

"होतीच. तुझी होती ती."

एवढंच. परत लसूण. थोड्या वेळाने आतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. मधेच थांबून स्वतःशीच म्हणाली, "दीडशे!"

१२ मार्च

बोर्डाला हात लावायच्या आधी मशीनवरचं बटण दाबलं. डोकं कोपऱ्यात गेलं. टक्. झाकलं. मग बोर्ड बंद.

दोन महिने ते रोज उघडं राहत होतं.

१३ मार्च

निखिलला सांगितलं का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. तिने आपण होऊन सांगितलं, "निखिलला सांगितलं. तो म्हणाला, हा किस्सा मदतपुस्तकात घालू या."

"हसला असेल."

"नाही. म्हणाला, कुणी माझ्यावर एवढा विश्वास ठेवला तर मी खरंच लिहायला लागेन."

विश्वास. त्या पोराने त्याला विश्वास म्हटलं.

१७ मार्च, शनि

मं. अंबाजोगाईला गेली. मामेबहिणीचं लग्न आहे. हिंजवडीहून गाडी. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "आठवड्यातून एक तरी पान छाप रे. काहीही. नाही तर सुकतं."

मावशी समोर नव्हत्या, म्हणून 'रे'. त्यांच्यासमोर 'अहो'.

२१ मार्च

बारा तारखेपासून चारही पट्ट्या जिथल्या तिथे. काळी तळाशी, पण हललेली नाही. तिचं म्हणणं खरं होतं. ती लिहीत असेल, अशी मला अजूनही आशा होती की काय?

२३ मार्च, शुक्र

ती लिहीत नाही हे कळल्यापासून माझीही ओळ पुढे सरकलेली नाही. पान एकसष्टवर थांबलंय. बसतो. उठतो. मशीनकडे बघतो.

कुणाच्या पुढे जायचं?

२६ मार्च, सोम

छापायला सांगून गेली होती. छापलं नाही. आज छापलं तर पानभर पांढऱ्या रेघा. वाक्यं मधून कापलेली. एका ओळीत नायकाचं फक्त डोकं उरलंय, क्रियापद गेलंय.

मसुदा काढून वाचला. या वेळी अर्थासाठी. तपासणीचं पान काढा. रेघा तुटत असतील तर हेड एकदा धुवा. तरीही तुटल्या तर थोड्या वेळाने आणखी एकदा. त्यानंतरही तुटत असतील तर कार्ट्रिज बदला. नवे हाती येईपर्यंत रिकामे काढू नका, हेड उघडे पडते.

एकदा धुतलं. रेघा जुळल्या. काळी आणखी एक केसभर खाली.

किती चांगलं लिहिलंय हे. कुणाला न दुखावता सगळं सांगितलंय.

२७ मार्च

मं. आली. लाडूंचा डबा. मावशींना बांगड्या. मला काही विचारलं नाही, मशीनला विचारलं, "सुकलास का रे?" आणि त्याच्या पाठीवरची धूळ पदराने पुसली.

३१ मार्च, शनि

संध्याकाळी घरी आलो. मं. नेहमीसारखी. केस ओले नव्हते.

"केस नाही धुतलेस आज?"

"राहिलं."

शनिवारी राहिलं?

१ एप्रिल, रवि

ती बाजाराला गेल्यावर पाहिलं. काळी एक केसभर खाली. रंगीत तिन्ही जिथल्या तिथे. म्हणजे धुणं नव्हे. धुण्यात चारही जातात.

कागदाचा गठ्ठा उचलला. हलका झालाय.

मी छापलेलं नाही.

२ एप्रिल

विचारलं नाही. निखिलला माहीत असेल का, हे मनात आलं. रात्रभर नव्हे, पण जेवताना आलं. तिने विचारलं, "मीठ कमी आहे का?" म्हटलं, नाही.

मी कपाट उघडणार नाही. पिठाचा डबा हलवणार नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मोडता येणार नाही.

४ एप्रिल, बुध

पान बासष्ट, त्रेसष्ट.

आता ते दातओठ नाहीत. दुसरंच काहीतरी आहे.

७ एप्रिल, शनि

अकरावीचे पेपर, दुपारी सुटलो. फाट्यावरच्या दुकानदाराने लांबूनच हाक मारली. कार्ट्रिज आलंय. "सर, मॅडमचं पुस्तक कुठवर आलं?" म्हटलं, चाललंय. खोटं नव्हतं, असं वाटतं.

त्याने पाकीट फोडून दाखवायला घेतलं. थांबवलं. लावायच्या वेळीच फोडायचं असतं.

घराशी आलो. फाटकातून आत शिरलो आणि वरून आवाज. मशीनचा. धुण्याचा आवाज मला आता पाठ आहे, हा तो नव्हे. हा कागद ओढण्याचा. डोकं इकडून तिकडे, एकसारखं. पान बाहेर. पुढचं पान.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलो.

मावशी अंगणात पापडावर फडकं टाकत होत्या. "सर, वर का जात न्हाई?"

"लाईट आहे का बघतोय."

"लाईट तर हाय! आयकू येतंय न्हवं मशीन?" मग जरा जवळ येऊन, आवाज खाली करून, "ताई बसल्यात सकाळधरनं. च्या द्याया गेलते तर म्हनल्या, मावशी, जरा थांबा. मला म्हनल्या! जरा थांबा म्हनून." मावशींचा राग खोटा होता. "तुमी बी थांबा मंग."

पायरीवर बसून हे लिहितोय. उत्तरपत्रिकांच्या पाकिटाच्या मागे. नंतर वहीत उतरवेन.

काळी तळाशी आहे. कुठल्याही पानावर फिकी पडेल. वाक्याच्या मध्यावरसुद्धा. कुपी माझ्या पिशवीत आहे. वर गेलो तर ती पानं पालथी ठेवेल. नाही गेलो तर शाई जाईल.

आणि ती पानं माझ्या पानांपेक्षा चांगली असतील. हे मला एकही ओळ न वाचता माहीत आहे.

आणखी एक पान.

मावशींनी चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला.

आणखी एक. अजून काळं उमटत असावं, आवाजावरून कळत नाही.